चार ठिकाणी मोजलेला टायर

फोंडा,
९ एप्रिल १९८३

भावोजी,

नमस्कार. खुशाली शेवटी लिहीन, आधी काम सांगतो. नाहीतर पत्र भरतं आणि काम राहतं.

माझ्या मोटारसायकलचे दोन्ही टायर संपले. मागच्यावरून हात फिरवला तर भोपळ्यावरून फिरवल्यासारखा लागतो. पुढच्याला कडेने चिरा पडल्यात. पेपर एजंटने मला ठेवलाय तो या गाडीमुळेच. कोल्हापूरहून पेपरांचे गठ्ठे पहाटे दाजीपूरला, घाटमाथ्यावर उतरतात. ते घेऊन मी फोंडा घाट उतरतो आणि कणकवलीपर्यंत वाटत जातो. एसटीने दुपारी पोचायचे, ते माझ्यामुळे सकाळच्या चहाला पोचतात. मिलचा संप सुरू होऊन पंधरा महिने झाले, त्यात धड म्हणावं असं हे एकच काम मिळालं. मिलमध्ये कापडाचे साचे चालवणारा माणूस आता पेपर टाकतो म्हणून गावात हसतात. हसू देत. मीनाक्षी आणि पोरी दोन वेळा जेवतात.

आता जूनमध्ये पाऊस धरेल. ओल्या घाटात या टायरांवर उतरायचं म्हणजे एक दिवस गठ्ठ्यांसकट दरीत जायचं. इकडे माझ्या मापाचे टायर मिळत नाहीत. आमच्या खात्याचे मास्तर विलायतेला जाताना ही साडेतीनशे सीसीची गाडी मला देऊन गेले. लांब पल्ल्याला जोरात पळवायची गाडी ती. कणकवलीचा दुकानदार तिला स्कूटरचा टायर दाखवतो! मुंबईत मिळतील. माप मागच्या बाजूला लिहिलंय. पैसे आक्काच्या नावाने मनिऑर्डर केलेत.

तुमची अठ्ठावीस वर्षं मिलच्या रोलर खात्यात रबर हाताळण्यात गेली. मला टायर काळा असतो आणि गोल असतो, एवढंच कळतं. कुठला घ्यायचा ते तुम्ही ठरवा.

खुशाली ठीक. आक्काला सांगा, आंबा यंदा कमी आहे, पण तिच्या वाटणीचा ठेवलाय.

रघुवीर


लालबाग,
२० एप्रिल १९८३

चि. रघू,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी खाटेवर पडून छताचे वासे मोजत होतो. हे काम मी गेलं वर्षभर रोज करतो आणि वासे काही वाढत नाहीत. शेवंतीने पत्र वाचून दाखवलं आणि म्हणाली, "उठा, तुम्हाला कोणीतरी काहीतरी विचारलंय." खरं सांगू? बरं वाटलं. पंधरा महिन्यांत मला कुणी काही विचारलं नाही. "संप कधी मिटतो?" एवढंच विचारतात, आणि ते मला कुठे ठाऊक आहे!

तर ऐक. आठ दिवस पायी फिरलो. लालबाग, परळ, दादर, मग खाली ऑपेरा हाऊसपर्यंत. पाय बोलायला लागलेत.

पहिला प्रकार, रिट्रेड. म्हणजे जुन्या टायरला वरून नवं कातडं. आपल्या नाक्यावरच करून देतात, स्वस्त पडतो. ट्रकला चालत असेल. घाटात ते कातडं सुटलं तर तू टायरला विचारायला जाणार आहेस का? सोडून दे.

दुसरा, कडक रबराचा. दादरच्या दुकानदाराने शपथेवर सांगितलं, तीन वर्षं हलणार नाही. तिसरा, नरम रबराचा, खोल खाचांचा. ऑपेरा हाऊसला मिळाला. तो वर्षात झिजेल म्हणतात. पुढच्या चाकाला सरळ रेघांचा आणि मागच्याला चौकटींचा घ्यायचा, यावर सगळ्यांचं एकमत आहे. कडक की नरम, यावर मात्र प्रत्येकाचं वेगळं.

आता माझं ऐक. आमच्या खात्यात आम्ही काय करायचो? सूत ओढणाऱ्या रोलरवर रबराचं कव्हर चढवायचो. रबर कडक झालं की ते वर्षानुवर्षं टिकतं, पण सुतावरून घसरतं. नरम असलं की पकडतं, पण झिजतं, सारखं बदलावं लागतं. जे पकडतं ते झिजणारच, रघू. टिकाऊपणा बघून घाटाचा टायर घ्यायचा नाही.

पण नरम म्हणजे किती नरम? अंगठ्याने दाबून कळतं थोडंफार. ऑपेरा हाऊसला मी एकेक टायर दाबून बघत होतो, तर शेठ ओरडला, "काका, टायर है, पाव नहीं. दबाना बंद करो!" दुकानातले सगळे हसले. मीही हसलो, काय करणार? पण मनाला लागलं. आमच्या खात्यात गेज होतं. रबरावर टेकवलं की काटा कडकपणा सांगतो, बोलायचं काम नाही. ते हातात असतं तर त्या शेठला दाखवलं असतं.

शेवंती शिवाजी पार्कला दोन घरी पोळ्या करायला जाते. तुला कळवू नका म्हणाली होती. कळवलं.

दत्ताराम


फोंडा,
२९ एप्रिल १९८३

भावोजी,

तुमचं पत्र एजंटच्या दुकानात उभ्याउभ्या वाचलं. पाव नहीं, हे वाचून इतका हसलो की एजंट विचारायला लागला काय झालं म्हणून. मग आक्काचं वाचलं आणि हसू गेलं. माझ्या बहिणीने लोकांच्या पोळ्या लाटाव्यात! पण बोलायला तोंड आहे कुठे? मी लोकांचे पेपर टाकतोय.

नरम टायर घ्या. तुम्ही म्हणता तर तोच. पण गेजचं डोक्यातून काढा. ते मिलमध्ये आहे, म्हणजे विषय संपला. तुमच्या अंगठ्यावर माझा भरवसा आहे.

हे मुद्दाम लिहितोय, कारण इकडे वारं बरं नाही. आमच्या वाडीतला विठोबा दिवाळीनंतर गुपचूप मुंबईला जाऊन कामावर हजर झाला. गेल्या आठवड्यात त्याच्या मुलीचं लग्न होतं. मी गेलो, आहेर दिला, पण पानावर बसलो नाही. अख्खा मांडव बघत होता. विठोबा हात जोडून म्हणाला, "रघू, दोन घास तरी." मी म्हटलं, तुझा घास माझ्या घशाखाली उतरणार नाही. तो रडला. घरी येऊन मलाही कसंतरी झालं, पण मी परत गेलो नाही. सभेत हजारो माणसांत हात वर करून सांगितलंय आपण, तुम्ही माझ्या शेजारीच उभे होतात. आता पोट जळतंय म्हणून तो हात खाली घ्यायचा असेल, तर वर कशाला केला होता?

टायर लवकर पाठवा. कालच एका वळणावर मागचं चाक थोडं सरकलं. रस्ता कोरडा होता.

रघुवीर


लालबाग,
१५ मे १९८३

चि. रघू,

टायर आज पाठवले. परळ डेपोतून कणकवलीच्या एसटीच्या टपावर, गोणपाटात शिवून. कंडक्टर मालवणचा निघाला, त्याला तुझं नाव सांगितलंय.

गेज मिळालं. एका ओळखीच्याकडून. एक दिवसापुरतं मागून आणलं आणि परत दिलं. ते घेऊन ऑपेरा हाऊसला गेलो. शेठ आधी कुरकुरला, मग स्वतःच म्हणाला, "काका, इधर लगाओ, इधर लगाओ." कडक टायरवर काटा पंचाहत्तरला गेला. नरमवर गेला त्र्याहत्तरला! मी म्हटलं, हे काय गौडबंगाल? कंपनी एक, नक्षी एक, मग नरम टायर कडक कसा? शेठला विचारलं हा कुठे ठेवला होतास. तर काचेच्या शोकेसमध्ये, दोन वर्षं, दुपारचं ऊन खात. रबर वाळलेलं. आणि रघू, अंगठ्याने मी तोच निवडून बाजूला काढून ठेवला होता. वरून तेल पुसलेलं, हाताला मऊ लागत होता. अठ्ठावीस वर्षांचा माझा अंगठा फसला!

मग आतल्या खोलीतून नवा माल काढायला लावला. त्यातला पुढचा आणि मागचा, दोन्ही साठ-बासष्टच्या आत. तेच पाठवलेत. चढवल्यावर पहिले चार-पाच दिवस सांभाळून चालव, नव्या टायरला वरून गुळगुळीत थर असतो.

घाईत लिहितोय, वेळ नाही. शेवंती बरी आहे.

दत्ताराम


फोंडा,
२८ मे १९८३

दत्ताराम परब यांस,

टायर पोचले.

काल गणपत मुंबईहून आला. आपल्याच मिलचा, खोटं बोलणारा नाही. त्याने सांगितलं की कामावर हजर झालेल्यांची यादी गेटवर लावलीय आणि रोलर खात्यात एकच नाव आहे. मी त्याला म्हटलं, दुसरा कोणी दत्ताराम असेल. तो म्हणाला, मिलच्या तिकीट नंबरसकट वाचलाय. मग मला कळलं, गेज कुठल्या ओळखीच्याकडचं होतं आणि तुम्हाला पत्र लिहायला वेळ का नव्हता.

मी तुम्हाला लिहिलं होतं, विषय संपला. विठोबाच्या मांडवातली हकीकत मी तुम्हाला सांगितली, आणि तुम्ही ती वाचून गेटातून आत गेलात! माझ्यासाठी गेलो असं म्हणू नका. मी नको म्हटलं होतं.

टायर गोठ्यात आहेत. गोणपाट उसवलेलं नाही आणि उसवणार नाही. पैसे माझे होते हे मला ठाऊक आहे. पण निवडले कुठल्या हाताने, तेही ठाऊक आहे. मी जुन्यांवर चालवीन.

चतुर्थीला गणपतीसाठी आक्काला एकटीला पाठवा. तुम्ही येऊ नका.

रघुवीर सावंत


लालबाग,
४ जून १९८३

रघू,

तुझं पत्र शेवंतीला वाचून दाखवता आलं नाही. तिनेच खेचून घेतलं. वाचून ती आत जाऊन भांडी घासत बसली. घासलेलीच होती.

गणपतने सांगितलं ते खरं आहे. आता मी सांगतो ते सगळं वाच, अर्धं फाडू नकोस.

पहिल्या दिवशी मी गेजसाठीच गेलो. गेटवर टाइमकीपर म्हणाला, मस्टरवर सही केल्याशिवाय आत सोडणार नाही. मी म्हटलं, दहा मिनिटांचं काम आहे. तो म्हणाला, दहा मिनिटं असो की दहा वर्षं, सही एकच. बाहेर पोलीस, पलीकडे फुटपाथवर आपली माणसं बघतायत. मी केली सही. गेज डब्यात घालून संध्याकाळी बाहेर काढलं. झडतीवाल्याला सगळं समजलं होतं, पण तोही जुनाच माणूस, डब्याकडे बघून मान फिरवली त्याने. दुसऱ्या दिवशी शेठकडचं काम आटपलं. तिसऱ्या दिवशी गेज परत ठेवायला गेलो. ते ठेवायलाच हवं होतं, मी चोर नाही.

चौथ्या दिवशी काहीच काम नव्हतं, रघू. ना गेज आणायचं ना ठेवायचं. आणि मी गेलो.

का गेलो याचं उत्तर मला तुझ्यासाठी बनवता आलं असतं. शेवंतीचे हात लाटून लाटून सुजलेत, हे सांगितलं असतं तर तू गप्प बसला असतास. सुजलेत, खोटं नाही. पण गेलो ते त्यासाठी नाही. पहिल्या दिवशी खात्यात पाऊल टाकलं तर सगळं बंद, धूळ साचलेली, आणि रोलरचा ढीग पडलेला. रबर तडकलेलं. मी गेज शोधता शोधता एक रोलर उचलला, घासून बघितला, मग दुसरा उचलला. भोंगा झाला तेव्हा कळलं की पाळी संपली. दिवसभरात मी एकदाही संपाचा विचार केला नव्हता. बरं वाटलं मला. हे तुला लिहिताना लाज वाटते, पण ते खरं आहे. छताचे वासे मोजून मी मेलो होतो रे.

उद्याही मी जाणार आहे. तुझी माफी मागितली आणि उद्या पुन्हा गेलो, तर ती कसली माफी? म्हणून मागत नाही. चतुर्थीला येणार नाही. पानावर बसू नकोस, तोंड बघू नकोस, सगळं मान्य.

पण टायर चढव. त्या टायरांचा आणि मस्टरवरच्या सहीचा संबंध लावू नकोस. दुकानाच्या आतल्या खोलीत अंधारात पडलेलं रबर आहे ते, त्याने कुणाचा संप मोडलेला नाही. पाऊस दोन दिवसांवर आलाय. तू माझ्यावरच्या रागाने त्या भोपळ्यांवर घाट उतरशील आणि मीनाक्षी पोरींना घेऊन तिथे वाट बघत बसेल. मला शिव्या दे, हव्या तेवढ्या दे, पण टायर चढवून दे.

दत्ताराम


लालबाग,
२० जून १९८३

रघू,

सोळा दिवस झाले, तुझं उत्तर नाही. इकडे पाऊस चारपाच दिवस थांबलेला नाही. पेपरात फोंडा घाटात दरड आल्याचं वाचलं. पेपर घेऊन वाणी, डॉक्टर, सगळ्यांना विचारलं, कुणाला जास्त ठाऊक नाही.

दोन ओळी टाक. मला नको लिहूस, आक्काच्या नावाने लिही. नुसतं "चढवले" एवढं लिही. खोटं असलं तरी चालेल, असं शेवंती म्हणते. मला नाही चालणार.

दत्ताराम


फोंडा,
२९ जून १९८३

भावोजी,

पत्र डाव्या हाताने लिहितोय, अक्षर वाचता आलं नाही तर आक्काला विचारा, तिला माझं लहानपणचं अक्षर ठाऊक आहे.

मी चढवले नव्हते. पाऊस लागल्यावर नऊ दिवस जुन्यांवरच उतरलो. रोज वाटायचं, आज उतरलो, म्हणजे माझंच बरोबर. मीनाक्षी रोज बोलायची, मग तिने बोलणं सोडलं. सतरा तारखेला दरडीच्या मागे अडकलो. अठराला रस्ता अर्धा खुला झाला, चिखल होता. दुसऱ्या वळणावर मागचं चाक गेलं. मी ब्रेक दाबला की नाही तेही आठवत नाही. गाडी आडवी होऊन घसरत कठड्याला लागली. गठ्ठे खाली गेले. मी कठड्याच्या अलीकडे राहिलो, उजवा हात मनगटात मोडून. हातभर अलीकडे. एवढंच अंतर होतं, भावोजी. कठड्याला टेकून बसलो. वरून ट्रकवाला आला, त्याने उचललं. त्या कठड्यापाशी बसून मी तुम्हाला इतक्या शिव्या दिल्या की ट्रकवाल्याला वाटलं मला कोणी ढकललं.

हात प्लास्टरमध्ये आहे. एजंटने काम दुसऱ्या कुणाला दिलं नाही, ठेवलंय माझ्यासाठी. तोवर माझीच गाडी घेऊन गणपत जातो. तो मोटारसायकल बरी चालवतो. पण त्याला त्या टायरांवर पाठवायचं धाडस मला झालं नाही. स्वतःला पाठवत होतो, त्याला कसं पाठवणार? म्हणून गोणपाट उसवलं. डाव्या हाताने, कोयत्याने.

आतून टायर बघितला तर कडेला खडूने आकडे लिहिलेले. एकसष्ट, एकसष्ट, बासष्ट, एकसष्ट. चार ठिकाणी मोजलेला. मागच्यावरही चार. रोलरवर लिहिता तसेच, तुमच्या एकाच्या आकड्याचा पाय मोडका असतो तसा. गणपत म्हणाला, "हे काय?" मी त्याला काही सांगितलं नाही. त्याला तर तुमचं नावही नको आहे. गोठ्याच्या दारात उभा राहून बघत राहिलो बराच वेळ. 

गणपतने चढवले. आठ दिवस झाले, तो रोज उतरतोय. काल आला आणि म्हणाला, "रघू, चाक रस्ता सोडत नाही रे." मी म्हटलं, मुंबईचा माल आहे.

आता स्पष्ट लिहितो, नाहीतर तुम्ही भलताच अर्थ काढाल. माझा राग गेलेला नाही. चतुर्थीचं जे लिहिलं, ते तसंच आहे. तुम्ही जाता ते मला पटत नाही आणि पटणारही नाही. सभेत शेजारी हात वर केलेला माणूस त्या गेटातून आत जातो, हे डोळ्यापुढे आलं की अजून अंगाची आग होते. विठोबाला मी जे केलं ते तुम्हालाही करीन, बहिणीचा नवरा म्हणून सोडणार नाही. तसं केलं नाही तर विठोबासमोर मी कुठलं तोंड घेऊन उभा राहू?

आक्काच्या हातांना मीनाक्षीने तेल दिलंय, गणपत पुढच्या आठवड्यात दोन दिवस मुंबईला येतोय, तेव्हा आणेल. तुम्ही घरी असाल तर तो वर येणार नाही, खालूनच हाक मारील. वाईट वाटून घेऊ नका.

आणि एक. यादीत रोलर खात्यात तुमचं एकट्याचंच नाव आहे, म्हणजे खात्यात तुम्ही एकटेच असता. ते रोलर घासायचं मशीन मी बघितलंय, त्याने दोघांची बोटं घेतलीत. सदऱ्याची बाही कोपरापर्यंत दुमडून उभे राहत जा. पट्टा चालू असताना हात घालू नका. तिथे ओरडलात तर ऐकायला कोणी नाही. आम्ही सगळे बाहेर आहोत.

रघू